होडीच्या रंगाने लिहिलेली ओळ

सकमाचं नाव आयुष्यात दोनदा बदललं. जन्मली तेव्हा ती नुसती सकमा होती. पहिला मुलगा माह्युन झाला तशी ती इनाक माह्युन झाली, म्हणजे माह्युनची आई, आणि पुढची सत्तावीस वर्षं तिला सकमा म्हणणारं गावात कुणी उरलं नाही. नवराही नाही. मग माह्युनला मुलगी झाली, तिचं नाव अझ्किया ठेवलं, आणि सकमा पापुक अझ्किया झाली, अझ्कियाची आजी.

या तिसऱ्या नावात एक अडचण होती. अझ्कियाची दुसरी आजीही याच गावातली, चार घरं सोडून राहणारी. ती इनाक साहरिप, थोरल्या साहरिपची आई. तिचं रस्त्याच्या वळणावर दुकान होतं. तिथे तळलेली केळी, बर्फ, माशांचे गळ आणि दुधाच्या पावडरीचे डबे एकाच फळीवर असायचे. तीही आता पापुक अझ्किया होती. दोघी एकाच वेळी विहिरीवर आल्या आणि कुणी हाक मारली, की दोघीही मान वळवायच्या नाहीत. कारण जी वळवेल तिने हक्क सांगितला असं झालं असतं.

मी सकमाला पहिल्यापासून इनाकच म्हणते. मी आरोग्य केंद्रात पोषणाचं काम बघते आणि महिन्यातून एकदा लोंबोक बेटाच्या या किनाऱ्यावरच्या गावात बाळांची वजनं घ्यायला येते. वजनाच्या दिवसाचं बाकी सगळं सकमाच करायची. मशिदीजवळच्या बेरुगाकवर, म्हणजे त्या चार खांबांच्या उघड्या चौथऱ्यावर, चटया घालायची. आढ्याला काटा टांगून त्यात कापडाची झोळी अडकवायची. बायका आल्या नाहीत तर घरोघरी जायची. "मासे वाळत घालायला वेळ आहे, पोर काट्यावर घालायला नाही का?" असं दारात उभं राहून ऐकवायची. शिक्षण सहावीपर्यंत. पण अठरा वर्षांत गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन तिला तोंडपाठ होतं.

ती या कामाला का लागली ते तिने मला एकदाच सांगितलं, शेवग्याचा पाला निवडता निवडता. तिचं तिसरं मूल अकराव्या दिवशी गेलं होतं. त्या काळी आई स्वतः भात चावायची, तो केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर शेकायची आणि तान्ह्याला भरवायची. आईच्या तोंडचा भात पोटात गेला की मूल घराला चिकटतं, असं म्हणत. सकमाचे दात चांगले होते. शेजारणीही आपला भात तिच्याकडून चावून न्यायच्या. तिच्या तिसऱ्या मुलाचं पोट दोन दिवस फुगत गेलं. होडीतून, मग घोडागाडीतून त्याला नेलं, पण उशीर झाला होता. "भाताने गेलं की आणखी कशाने, ते कुणी नक्की सांगितलं नाही," ती म्हणाली. "नक्की कुणीच सांगत नाही पोरी. म्हणून लोक ऐकत नाहीत."

तिच्या या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघी सेलोंग शहरात एका प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध दिलं तर जुलाब आणि छातीचे आजार नक्की कमी होतात. अंगावरच्या खाजेचा आणि घरघरीचा धोकाही काही मुलांत थोडा कमी होत असावा, पण याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, आणि खाण्याच्या ॲलर्जीबद्दल तर फारच थोडं ठाऊक आहे. सकमा भराभर लिहीत होती. मी शेजारी बसले होते. तिच्या वहीत डोकावले तर तिथे दोनच शब्द होते, "खाज नाही", आणि खाली दोन रेघा.

पुढच्या महिन्यात गावात गेले तर बेरुगाकमागच्या पांढऱ्या भिंतीवर हातभर उंचीची निळी अक्षरं होती. नवऱ्याच्या होडीसाठी आणलेला रंग तिने त्यात संपवला होता. "सहा महिने फक्त आईचं दूध. मग बाळाला खाज नाही, ॲलर्जी नाही."

मी म्हणाले, "इनाक, हे असं अगदी नाही म्हणता येत."

"मग कसं म्हणायचं? 'कदाचित थोडी कमी'? कदाचितसाठी कोण आपल्या सासूशी भांडेल?"

खरं सांगायचं तर मी वादच घातला नाही, कारण त्या वर्षी आमच्या तालुक्यात सहा महिने निव्वळ दुधावर राहिलेल्या मुलांचा आकडा सगळ्यात जास्त या गावाचा होता. मी तो अहवालात लिहिला आणि मला शाबासकी मिळाली.

मग अझ्किया आली. तीन किलो शंभर ग्रॅम. माह्युन होडीवर जायचा, सून हिल्मिया, इनाक साहरिपची मुलगी, घरी असायची, आणि बाळाच्या ओठाला मधाचं बोटसुद्धा लागू नये म्हणून सकमा पहिले चाळीस दिवस दारात राखण बसल्यासारखी बसली. इनाक साहरिप मध घेऊन आली होती. तिला चहा पाजून मधासकट परत पाठवलं.

"माझ्या चारही पोरांना मध दिला," इनाक साहरिप म्हणाली. "एकही मेलं नाही."

हे बोलल्यावर तिला स्वतःलाच वाईट वाटलं असावं. ती कप खाली ठेवून उठली. त्या दिवसापासून दोघींत विहिणीपणाचं हसणंही उरलं नाही.

अझ्कियाला अडीच महिने झाले आणि तिच्या गालांवर लाली आली. आधी वाटलं उकाडा असेल. मग लालीला खवले आले, खवल्यांतून पाणी सुटलं, आणि कोपरांच्या वळ्यांत, मानेखाली तसंच दिसू लागलं. बाळ उशीवर गाल घासून रडायचं. सकमाने तिच्या हातांना कापडी पिशव्या बांधल्या.

गावात बातमी जायला वेळ लागला नाही. वजनाच्या दिवशी बायका बेरुगाकवर बसल्या होत्या, समोर बाळाचे गाल, मागे भिंत. इनाक साहरिप दुकान टाकून आली होती. तिने डोळे बारीक केले.

"वाच गं कुणीतरी, तिथे काय लिहिलंय? मला लांबचं दिसत नाही."

एक बाई फिसकन हसली.

"माझा साहरिप डब्याच्या दुधावर वाढला," इनाक साहरिप पुढे म्हणाली. "कातडी बघा त्याची. वांग्यासारखी तुकतुकीत."

"रंगालाही वांग्यासारखाच आहे," सकमा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, इनाक साहरिपही. पण झोळी काट्याला अडकवताना सकमा भिंतीकडे पाठ करूनच उभी राहिली.

त्यानंतर तिने जे केलं ते तिच्यासारख्या बाईने करायला नको होतं.

आमच्या किनाऱ्यावर बायकांची एक पक्की समजूत आहे. बाळंतिणीने मासे खाल्ले तर दुधाला माशाचा वास येतो आणि तो वास बाळाच्या अंगावर खाज होऊन फुटतो. समुद्र दारात, पण पाजणारी बाई भात, मीठ आणि उकडलेला पाला यांवर दिवस काढते. सकमानेच अठरा वर्षं या समजुतीशी भांडण मांडलं होतं. पाजणाऱ्या बायकांच्या ताटात ती स्वतःच्या हाताने बांगडा वाढायची. आता तिने हिल्मियाच्या ताटातला मासा काढला. मग अंडं काढलं. मग टोफू काढला, कारण कुणीतरी सोयाबद्दल काही बोललं होतं. बाहेरच्यांना सांगितलं नाही. वजनाच्या दिवशी बाळाला लांब बाह्यांचं झबलं घातलं आणि गालांवर पावडर थापली. शिवाय गावातल्या प्रत्येक बाळाला लावतात ते उग्र वासाचं तेलोन तेल, खाज मरेल म्हणून दिवसातून तीनदा चोळलं.

हिल्मिया गप्प राहणारी मुलगी. ताटात येईल ते खात राहिली. पण तिच्या मनात बसलं की दोष आपल्या दुधात आहे. बाळ रडलं की ती लगेच पाजायची नाही. खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायची, थकून झोपलं तर बरं असं बघायची. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

चौथ्या महिन्याच्या वजनाला मी काट्यावरचा आकडा वाचला आणि कार्डावर टिंब काढलं. मागच्या महिन्यापर्यंत रेघ हिरव्या पट्ट्यातून छान वर चढत होती. या वेळी ती आडवी गेली. महिन्यात पन्नास ग्रॅम. मी काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं. तेवढंच.

एरवी कार्ड सकमाच भरायची. तिने माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि त्या दोन टिंबांमधल्या आडव्या रेघेवरून अंगठा फिरवला. गावातल्या कितीतरी बायकांना अशीच रेघ दाखवून तिने विचारलं होतं, "आईला काय खायला घालता?"

"हिल्मिया," ती म्हणाली, "तू शेवटचा मासा कधी खाल्लास?"

"तुम्ही काढलात तेव्हा."

"आणि पाजतेस किती वेळा?"

हिल्मियाने मान खाली घातली. "पाच वेळा. कधी चार. माझं दूध तिला सोसत नाही, इनाक. मग कशाला उगाच."

त्याच वेळी इनाक साहरिप पिशवीतून डबा काढून पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर या वेळी टोमणा नव्हता. "हे बघ विहीणबाई, भांडण नको. पोर वाळतंय. एक चमचा दे. नुसता एक. तुझी भिंत तुझ्यापाशी."

सकमाने डबा घेतला नाही आणि ढकललाही नाही. बाळाच्या गालावरची पावडर पदराने पुसली. खालचा लाल ओला गाल सगळ्यांना दिसला. तिने बाळ उचलून सगळ्यांसमोर धरलं.

"बघा," ती म्हणाली. "मी लपवत होते. आता बघा. उद्या मी हिला सेलोंगला नेते. तिथे डॉक्टरबाईंना माझ्या भिंतीबद्दल विचारते. त्या म्हणाल्या डबा द्या, तर मी स्वतः तुझ्या दुकानातून घेईन."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर तू मला तुझ्या कोंबडीचं अंडं देशील. सुनेसाठी."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी गेलो. सकमा, हिल्मिया, बाळ आणि मी. इनाक साहरिपने यायचं नाही म्हणत म्हणत दुकान बंद केलं आणि टेम्पोत शेवटी चढली. म्हणजे पाच.

डॉक्टरबाई त्याच होत्या, प्रशिक्षणातल्या. त्यांनी बाळाला उघडं करून नीट तपासलं आणि सांगितलं की हा इसब आहे, पुष्कळ मुलांना होतो. मग विचारलं, "घरात कुणाला दमा? लहानपणी कुणाच्या छातीत घरघर?"

हिल्मियाने सांगितलं, "सासऱ्यांना. आणि ह्यांना लहानपणी होती."

"म्हणजे हे घराण्यातून आलंय. कुणाच्या ताटातून आलं असं मला आत्ता तरी दिसत नाही. बाळाच्या शीतून रक्त, पित्त उठणं, उलट्या, असं काही?"

"नाही."

"मग आईचं खाणं का तोडलंत? मासे खा, अंडं खा, सगळं खा. बाळ मागेल तेव्हा पाजा. अंगावरचं ते वासाचं तेल आणि पावडर आजच बंद. त्याने सोललेल्या कातडीला आग होते. मी मलम देते, ते अंघोळीनंतर लगेच लावायचं. आणि वजन बघायला दर आठवड्याला मला दाखवायचं."

सकमा खुर्चीच्या काठावर बसली होती. तिने जुनी वही पिशवीतून काढली, दोन रेघांचं पान उघडलं आणि डॉक्टरबाईंसमोर ठेवलं.

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात. खाज नाही."

डॉक्टरबाईंनी पान बघितलं. "मी एवढंच म्हणाले होते?"

सकमाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही. थोडा धोका कमी होत असावा, असं म्हणाल्या होत्या. एकमत नाही, हेही म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं, इनाक."

"मग भिंतीवर लिहिलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते. पण पुरेसं नाही."

मग इनाक साहरिपने विचारलं, "बाई, दूध पाजून खाज येणारच असेल, तर मग डब्याने काय बिघडतं?"

"डब्याने खाज जाईल असंही कुणी सांगू शकत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उलट डब्यातलं गायीचं दूध न सोसणारी बाळं मी दर महिन्याला बघते. आईच्या दुधाने इसब टळतो असं मी वचन देत नाही. ते नसतं तर या बाळाचा इसब याहून वाईट असता की असाच असता, तेही मला माहीत नाही. पण जुलाबाचं मला माहीत आहे. तुमच्या गावातून जुलाबाने सुकलेलं तान्हं मूल चार वर्षांत माझ्याकडे आलेलं नाही. शेजारच्या गावांतून येतात."

टेम्पोत परत येताना सकमा इनाक साहरिपला म्हणाली, "मला नक्की हवं होतं गं. नक्की सांगितल्याशिवाय कोण ऐकतं?"

"मी तर नक्की सांगितलं तरी ऐकत नाही," इनाक साहरिप म्हणाली.

त्या संध्याकाळी सकमाने नवऱ्याने आणलेले बांगडे हळद-चिंचेत शिजवले, शेवग्याच्या पाल्याचं पातळ केलं आणि दोन बांगडे हिल्मियाच्या ताटात ठेवले. इनाक साहरिप तीन अंडी घेऊन आली होती, बाजूला बसली होती. हिल्मियाने ताटाकडे बघितलं, मग दोघींकडे.

"मी खाईन," ती म्हणाली. "पण एक बोलू? गेले दोन महिने तुम्ही दोघी माझं दूध मोजताय. एकीला ते औषध वाटतं आणि एकीला विष. मला कुणी विचारलंच नाही मला काय करायचंय ते."

"मग सांग," सकमा म्हणाली.

"मला पाजायचंय. सहा महिने पुरे करायचेत. खाज गेली तरी आणि नाही गेली तरी. भिंतीसाठी नाही. ती माझ्याकडे बघत पिते तेव्हा खाजवायचं थांबते, म्हणून."

एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. सकमाने तिच्या ताटात आणखी अर्धा बांगडा ठेवला. इनाक साहरिप म्हणाली, "काटे काढून दे तिला, मांडीवर पोर घेऊन एका हाताने कशी खाईल?" आणि स्वतःच काढायला बसली.

पुढचे दोन महिने सोपे नव्हते. तेल बंद केल्यावर पंधरा दिवसांत गालांतलं पाणी आटलं, पण कोपराच्या वळ्या लालच राहिल्या, आणि उकाड्याच्या दिवसांत मान पुन्हा फुटली. गावात बोलणं थांबलं नाही. गावातल्या दोन बायकांनी भिंतीकडे बोट दाखवून डबा सुरू केला. सकमा दोघींच्या घरी गेली. भांडली नाही. बाटली उकळत्या पाण्यात कशी धुवायची ते दाखवून आली, आणि निघताना म्हणाली, "अंगावरचं दूध अजून आटलेलं नाही. परत पाजावंसं वाटलं तर मला हाक मार." एकीने आठ दिवसांनी हाक मारली. दुसरीने मारली नाही.

बाळाचं वजन वाढू लागलं. पाचव्या महिन्याला रेघ वर वळली. सहाव्याला ती पुन्हा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध आली.

त्या सहाव्या वजनाच्या दिवशी मी पोचले तेव्हा सकमा चटया घालत नव्हती. होडीचा तळ खरवडायची पत्र्याची खरवडणी घेऊन ती भिंतीशी उभी होती. होडीचा रंग तो, खाऱ्या पाण्यात वर्ष वर्ष टिकणारा. पहिली ओळ तिने तशीच ठेवली होती. दुसरी खरवडत होती. चुन्याचे पापुद्रे पायाशी पडले होते, आणि "ॲलर्जी"ची निळी सावली तरीही भिंतीवर दिसत होती. बायका जमत गेल्या. ती थांबली नाही, पाठमोरीच बोलत राहिली.

"हे मी खोटं लिहिलं होतं. ठरवून नाही, पण खोटं. माझ्या नातीला खाज आहे, अजून आहे. दूध पाजून आहे. दूध म्हणजे ताईत नव्हे. पोट बिघडून पोर जाऊ नये म्हणून पाजा. ते मी शपथेवर सांगते. खाजेचं मी सांगू शकत नाही."

"मग चार वर्षं आम्हाला फसवलं म्हणायचं का?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हण," सकमा म्हणाली. "पण पोर दाखव आधी, काट्यावर घालू."

वजनं झाल्यावर अझ्कियाचं पहिलं खाणं होतं. भात दगडी खलात कुटून मऊ केला होता, चावलेला नव्हता. त्यात बांगड्याचा काटे काढलेला तुकडा. अंड्याचं डॉक्टरबाईंना मुद्दाम विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, नीट उकडून, सकाळच्या वेळी, अगदी थोडं द्या आणि दोन तास लक्ष ठेवा, उशीर करून फायदा नाही. अंडं अर्थात इनाक साहरिपच्या कोंबडीचं. कुणी भरवायचं यावर दोघी आज्यांचं डोळ्यांनीच काहीतरी झालं, आणि बिस्मिल्ला म्हणून हिल्मियाने स्वतः भरवलं. अझ्कियाने अर्धं थुंकून टाकलं. आम्ही दोन तास तिच्या तोंडाकडे बघत बसलो. ती तिच्या पायाचा अंगठा चोखत होती. काही झालं नाही. पुढे दुसऱ्या कशाने होईल का, ते तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

आम्ही चटया गुंडाळत होतो तेव्हा सातवा महिना लागलेली एक पोटुशी मुलगी भिंतीपाशी थांबली. शेजारच्या गावातून लग्न होऊन आलेली, तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं. उरलेली ओळ तिने हळूहळू वाचली. मग खालच्या पुसट निळ्या डागाला बोट लावलं.

"पापुक अझ्किया," तिने विचारलं, "इथे काय होतं? सहा महिने पाजलं तर काय होतं?"

दोघीही आज्या वळल्या. इनाक साहरिपने सकमाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

"बस," सकमा त्या मुलीला म्हणाली. "जेवढं मला माहीत आहे तेवढंच सांगते. आणि आधी हे सांग, सासरी मासा वाढतात का तुला?"